बॅटरीवरचं लाल फडकं

माझे नाव कोंडाबाई नरसिंग सोनकांबळे, वय ६१ वर्षे, धंदा – आरोग्य खात्यातून निवृत्त परिचर, रा. जुन्या पाण्याच्या टाकीमागे, निलंगा, जि. लातूर.

समक्ष ठाण्यात हजर होऊन जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही व कोणी शिकवूनही पाठवलेले नाही. गोष्ट माझ्या गच्चीवरची आहे, म्हणून मीच सांगायला आले आहे.

वरील पत्त्यावर माझे स्वतःचे घर असून खाली मी एकटी राहते. वरच्या दोन खोल्यांत जाहिदा ही शिलाईकाम करणारी बाई व तिची मुलगी अर्शी, वय २२, भाड्याने राहतात. अर्शी नर्सिंग शिकलेली असून तिची सरकारी दवाखान्यात निवड झाली आहे. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद याच ठाण्यात पडून आहे. कालच्या प्रकारात तिचे नाव संशयित म्हणून लागले तर तो कागद पुढे सरकणार नाही व पोरीची नोकरी हातची जाईल. माझा मुलगा नागसेन, वय ३४, हा रिक्षा चालवतो व पलीकडच्या गल्लीत बायकामुलांसह वेगळा राहतो.

काल जप्त केलेली दुर्बीण माझी आहे. खोक्यावर अर्शीचे नाव आहे, कारण ती तिच्या मोबाइलवरून मागवली. मला ती बटणे दाबणे जमत नाही. मोठी नळीवाली दुर्बीण लागत नाही, दोन डोळ्यांची साधी असली तरी तारे चांगले दिसतात, असे अर्शीनेच मला वाचून दाखवले होते. जमादार साहेबांनी विचारले की, या वयात तारे कशाला? तर सांगते की, या वयात नाही तर कधी? सगळी नोकरी मान खाली घालून वॉर्डाची फरशी पुसण्यात गेली. रोहिणी, मृग ही आम्हाला पेरणीच्या दिवसांची नावे म्हणून माहीत होती. ते खरेखुरे तारे आहेत आणि वर बघितले की दिसतात, हे मला यंदा कळले. कृत्तिकेचा पुंजका नुसत्या डोळ्यांना पाच-सहा ठिपक्यांचा दिसतो. दुर्बिणीतून पाहिला तेव्हा शेवग्याखाली फुलांचा सडा पडावा तसा दिसला. मला रडू आले. हे लिहायचे नसेल तर लिहू नका.

माझे हात थरथरतात म्हणून मी कोपरे कठड्याला टेकवून बघते. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात व त्यानंतर बराच वेळ बारीक तारे दिसत नाहीत, म्हणून जाहिदाच्या चिंध्यांतले लाल फडके बॅटरीला बांधलेले असते. त्या फडक्याचा दुसरा काही उपयोग नाही.

गेल्या काही दिवसांपासून आमच्या भागात अफवा आहे की, चोर ड्रोन उडवून घरे हेरतात व त्यांचा माणूस गच्चीवरून लाल दिव्याने खुणा करतो. पोरे काठ्या, शिट्ट्या घेऊन गस्त घालतात. शेजारी राहणारे ईश्वरप्पा स्वामी यांनी चिंचेच्या झाडावरच्या एका उजेडाचा फोटो मोबाइलच्या गटात टाकला होता की, हा ड्रोन रोज सायंकाळी येऊन एका जागी थांबतो. तो गुरू आहे. मी ईश्वरप्पांना म्हटले होते, "अन्ना, या दुर्बिणीतून बघा, शेजारी त्याचे चंद्र बी दिसतेत." ते म्हणाले, "आम्हाला नका शिकवू." उचलली जीभ लावली टाळ्याला.

काल सायंकाळी जेवणाच्या वेळेला आमच्या भागाची लाईट गेली. अंधार चांगला पडला म्हणून मी गच्चीवर गेले. थोड्या वेळाने गल्लीत शिट्ट्या झाल्या व चिंचेखाली पंचवीस-तीस माणसे जमली. "वर कोन हाय? खाली ये!" असे ओरडू लागली. मी ओरडून सांगितले, "अरे, मी कोंडाबाई हाय!" पण त्या गलक्यात माझा आवाज कोणाच्या कानापर्यंत गेला नाही. मला भीती वाटली. तेवढ्यात अर्शी शाल घेऊन वर आली. "नानी, खाली चला, लोक लई जमलेत," असे म्हणून तिने पायऱ्या दिसाव्यात म्हणून लाल फडक्याची बॅटरी उचलली. खाली एकच ओरडा झाला, "बघा, खूण केली! खूण केली!"

ओळखीचे कोणी दिसले तर नावाने हाक मारावी म्हणून मी दुर्बीण गल्लीकडे वळवली व मधले चाक फिरवले. नुसत्या डोळ्यांना जिथे काळोख होता तिथे बॅटऱ्यांच्या उजेडात माणसे दिसू लागली. त्यांत मला माझा नागसेन दिसला. चेहरा इतका जवळ आला की कपाळावरचा घाम दिसत होता. माझ्या जिवात जीव आला. म्हटले, आपलाच आहे, आता तो सगळ्यांना आवरील.

त्याने खाली वाकून दगड उचलला.

मी "नाग्या!" अशी हाक मारली, पण दगड सुटला होता. तो माझ्या कानाजवळून जाऊन अर्शीच्या कपाळाला, भुवईच्या वर लागला. ती खाली बसली. मी शालीने जखम दाबून धरली.

लोक जिन्यापर्यंत आले. जाहिदा आतून कडी धरून उभी होती. तिला बाजूला करून मी स्वतः दार उघडले. सगळ्यात पुढे नागसेन होता. त्याने बॅटरी माझ्या तोंडावर मारली व म्हणाला, "माय? वर तू हुतीस?" मी म्हटले, "हाव. मारायचा तर आता मार." दुर्बीण माझी आहे असे मी तिथेच सगळ्यांना सांगितले. त्यावर ईश्वरप्पा म्हणाले, म्हातारी भाडेकरणीला पाठीशी घालते. पोलिसांची गाडी आली. खोक्यावरचे नाव वाचून अर्शीची विचारपूस झाली. नंतर तिला दवाखान्यात नेले व टाके घातले.

आज सकाळी नागसेन माझ्याकडे आला होता. "अंधारात काय दिसलं न्हाई म्हन. दुर्बीन त्या पोरीची म्हनून सांगून टाक, ती जाईल दुसऱ्या गावाला. माझे लेकरं बारीक हायेत, माय. आपलेच दात, आपलेच ओठ," असे म्हणून त्याने माझे पाय धरले. मी त्याला सांगितले, दात आपले, ओठ आपले, पण कपाळ त्या लेकराचं फुटलंय. त्याला चहा करून दिला. तो चहा न घेता गेला. त्याच्या लेकरांची नावे माझ्या तोंडात रात्रंदिवस असतात. त्यांचे काय होईल, याची मला काळजी वाटते.

जमादार साहेबांनी मला विचारले की, अंधारात माणूस कसा ओळखला? दुर्बिणीतून ओळखला. खात्री करायची असल्यास मुद्देमालातील दुर्बीण घेऊन अंधार पडल्यावर कोणीही माझ्या गच्चीवर यावे व चिंचेखाली माणूस उभा करून बघावे. आले तर गुरूही दाखवीन.

अर्शीने कोणाला खूण केली नाही. तिचा या प्रकारात एवढाच दोष की, मला थंडी वाजेल म्हणून ती शाल घेऊन वर आली. तिचा कागद अडवू नये, ही माझी विनंती आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. त्यात दगड मारणाऱ्याच्या नावाच्या जागी "अनोळखी इसम" असे लिहिलेले ऐकले. जमादार साहेब म्हणाले, "मावशी, राहू द्या, तुमच्याच बऱ्यासाठी लिहिलंय." मी ते दोन शब्द खोडायला लावले व त्या जागी "माझा मुलगा नागसेन" असे लिहून घेतले. खाडाखोडीजवळ माझी सही आहे. हात थरथरत असल्याने सही वाकडी आली आहे, परंतु ती माझीच आहे. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.