उभ्या गाडीचं ऑइल

गॅरेजच्या बाकावर माझ्या स्कूटरची वाट बघत बसलो होतो. शेजारी मेकॅनिक एका आजोबांना त्यांच्या गाडीतलं ऑइल दाखवत होता.

"काका, पार डांबर झालंय."

"अहो, गाडी चार हजार किलोमीटरच पळालीय. दहाला बदलायचं ना?"

"पळाली चार, पण उभ्या उभ्या इंजिन किती चाललं? काटा ते मोजत नाही, ऑइल मात्र खराब होतं."

"रोज दुपारी दोन तास. अंगणात."

"कशाला?"

"नात गाडीत त्या घरघरीवरच झोपते. बंद केली की भोकाड."

"सवय मोडा की."

"तेवढ्यात माझी लेक झोपते हो. बाळंतपणापासून तेवढीच काय ती तिची झोप."

मेकॅनिकनं ऑइलचा नवा डबा उघडला.

"मग चार हजारांनीच येत जा, काका. नात चालायला लागली की पुन्हा दहावर जाऊ."