महिलांसाठी राखीव

हिंगोलीहून वारंगा फाट्याला निघालेल्या एसटीत पद्माबाईंच्या पुढच्या सीटवर एक बाई आणि तिचा मिसरूड फुटलेला, कानांवर जाड हेडफोन चढवलेला तरणा मुलगा बसले होते. खिडकीवरची पाटी वाचून तो ताडकन उठला. पद्माबाईंचा शेंगा सोलता हात थांबला.

“काहून उठलीस गं?” त्याच्या आईनं विचारलं.

“उठलास.”

“बरं, उठलास. काहून?”

“‘महिलांसाठी राखीव’ लिहिलंय.”

“लहानपणापासून हितंच बसत आलीस की.”

“तवा मी तुला सांगितलं नव्हतं.”

“कळमनुरीपर्यंत बाई राहा. म्होरं गडी हो.”

“तसं होत न्हाई, आई. आन् लिहिलेलं मला पाळावंच लागतं. डॉक्टर म्हणले ना, ऑटिझम हाय.”

“त्या डॉक्टरला म्हणावं, उभं राहून पाय दुखतेत.”

“त्याचे काहून दुखतील? उभा मी हाय.”

कळमनुरीला एक धोतरवाले चढले आणि रिकाम्या जागेवर टेकले.

“उठा, पाव्हणं. बायांची शीट हाय.”

“रिकामीच तर हाय, बाई.”

“माझा पोरगा हिंगोलीपासून उभा हाय. तुमी काय त्याच्याहून मोठे गडी लागून गेले?”