चार फोन आणि एक खिडकी

—नाही, ते ड्रिल आधी खाली ठेवा. तिथे नाही, स्टुलावर. भोक पाडायचं की नाही ते मी ठरवणार, कारण भिंत माझ्या खोलीची आहे. खांब बाहेर याच बाजूला आहे, वायर इथूनच आत येणार, हे सगळं कळलं मला, तुम्ही तीनदा सांगितलंत. मी बहिरी नाहीये. बसा. पाणी हवंय? नको? मग नुसतेच बसा. सूनबाई बाहेर गेली आहे, येईल तेव्हा येईल, आणि ती आली तरी काही फरक पडत नाही, घरात इंटरनेट माझ्या ताब्यात आहे. हसू नका. विचारा कुणालाही. या घरात साधं पाऊस पडणार की नाही ते सांगणारं ॲप जरी कुणाला हवं असलं ना, तरी ते आधी माझ्याकडे येतं.

काय म्हणालात? अनलिमिटेड? हो, वाचलं मी तुमच्या शर्टावर. छातीवर एवढं मोठं लिहून फिरता, लाज नाही वाटत? अहो, अनलिमिटेड काय असतं जगात? मी अख्खी नोकरी हॉस्पिटलात केली, चादरींची खोली होती माझ्याकडे. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं. आणि माझा नियम एकच — मळकी आणा, धुतलेली न्या. मळकी नाही, तर धुतलेली नाही. रडा, ओरडा, वर तक्रार करा. नर्सबाया मागून मला काय काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे, पण माझ्या खोलीत कधी चादर कमी पडली नाही. आणि हे अनलिमिटेडवाले आले मला शिकवायला!

तर सांगते तुम्हाला, ऐका, तुमचाही वेळ जाईल. घर बघितलंत ना आमचं? मागे ही टेकडी, अगदी पाठीला पाठ लावून उभी. त्यामुळे नेटवर्क म्हणून जे काही यायचं ते या एका खिडकीत येतं. याच एका. स्वयंपाकघरात फोन म्हणजे नुसता फरशीचा तुकडा. वरच्या मजल्यावर मुलगा-सून राहतात, तिथे तर नेटवर्कचं नावच नको. घरासाठी कार्ड एक, माझ्या नावावर, महिन्याला ठरावीक इंटरनेट. आणि फोन किती? माझा, आमच्या ह्यांचा, मुलाचा, सुनेचा — आणि वर तो टॅब्लेट, तो सूनबाई माहेरून घेऊन आली, तो कशासाठी आहे ते अजून तिलाही सांगता आलेलं नाही. सुरुवातीला काय चालायचं, तर माझा फोन या खिडकीत ठेवायचा, त्याच्यावरून सगळ्यांनी इंटरनेट घ्यायचं, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. लोकशाही! मग एका सकाळी उठून बघते तर महिना नुकता सुरू झालेला आणि इंटरनेट संपलेलं. कुणी खाल्लं? कुणीच नाही! सगळे एकमेकांकडे बघताहेत. मग मी एकेकाचा फोन हातात घेऊन बघितला. तर काय — सगळ्यांकडे तीच तीच ॲपं! नुसतं हवामानाचंच बघा, ह्यांनी घेतलं, सुनेनं घेतलं, मुलानं घेतलं, आणि त्या टॅब्लेटनं स्वतःच्या मनानंच घेतलं. एका घरात, एका छपराखाली, पाऊस पडेल का ते बघायला एकच गोष्ट चारदा उतरवली! आणि खिडकीबाहेर डोकं काढून बघायला एकालाही सुचलं नाही. आहे की नाही अक्कल? अहो, जेवायला बसल्यावर आपण चार पातेली वेगवेगळी चढवतो का?

त्या दिवशी मुलाची पंचाईत झाली. तो औषधांची गाडी चालवतो — गोदामातून उचलायची, दुकानादुकानांतून पोचवायची. त्याच्या फोनात कंपनीचं ॲप असतं, ते नवं करून घेतल्याशिवाय गाडी गेटाबाहेर सोडत नाहीत. रस्त्यांचे नकाशे वेगळे, ते तर केवढे मोठे असतात. त्याच्या स्वतःच्या कार्डावर जे काही मिळतं ते कंपनीचं ॲपच दिवसभरात खाऊन टाकतं. गोदामात वायफाय आहे, पण ते साहेबाच्या केबिनपुरतं, साहेबाला गाणी ऐकायला. तर त्या दिवशी गाडी अडली, बोलणी खाल्ली, संध्याकाळी घरी आला आणि इथे, तुम्ही बसलायत ना, याच खुर्चीत बसला आणि म्हणाला, आई, हे सगळं आता तूच बघ. तूच बघ म्हणाला. त्यानं सांगितलं म्हणून मी हे अंगावर घेतलं, मला काही हौस नव्हती.

मग मी शिस्त लावली. सगळ्यांच्या फोनांतलं ते आपोआप उतरवायचं बटण बंद. कुणाला काही हवं असेल तर मला सांगायचं. मी ते या खिडकीत बसून माझ्या फोनावर एकदाच घेणार. एकदाच. मग ज्याला हवं त्यानं आपला फोन घेऊन इथे यायचं, दोन्ही फोन या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, आणि माझ्याकडून त्याच्याकडे पाठवायचं. त्याला इंटरनेट लागत नाही, ठाऊक असेल तुम्हाला. नाही ठाऊक? धन्य आहे. कंपनीचा शर्ट घालून फिरता आणि हे ठाऊक नाही. आणि दुसरं — जुनं काढल्याशिवाय नवं नाही. फोनांत जागा नसते ना. एक काढून दाखवा, एक घेऊन जा. मळकी आणा, धुतलेली न्या.

ह्यांनी पहिल्याच दिवशी काय काढलं माहितीये? गजर. आता दुपारी डुलकी काढली की उठवायचं मी. सूनबाईची तर वेगळीच तऱ्हा. तिला व्यायामाचं ॲप हवं. आणलं, दिलं. परवा वर गेले तर ही पलंगावर आडवी पडून दुसऱ्या बाईचा व्यायाम बघतेय! मग तिला चेहऱ्याला मांजराचे कान लावणारं हवं. मी म्हटलं, काय कमी आहे तुझ्या चेहऱ्याला की मांजराची मदत लागावी? तोंड फुगवलं. दोन दिवस खाली आली नाही. मला काय, वर ना इंटरनेट ना काही, बसू दे. तिसऱ्या दिवशी आली मुकाट्यानं, फोन ठेवला टेबलावर, मान खाली. आणि इथे बसून करते काय, तर टेबलावर बोटं वाजवत बसते. टक टक टक. सासूशी चार शब्द बोलावेत, तब्येत विचारावी, ते नाही. नुसती फोनावरची ती रेघ पुढे सरकतेय का ते बघत बसते.

मुलगा तसा नाहीये. मुलगा बोलतो. म्हणजे — आधी नाही बोलायचा. दमून यायचा, सरळ जिना चढून वर. कधी 'जेवलीस का' एवढं विचारलं तर विचारलं, तेही अर्ध्या जिन्यावरून. आम्ही दोघं म्हातारी खाली आहोत की गेलो, याचा पत्ता वर लागायचा नाही. पण फोन इथे ठेवला की तो सोडून कुठे जाणार? लांब नेला की तुटतं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून बसावं लागतं. आणि बसलं की माणूस बोलतोच हो, किती वेळ गप्प बसणार? आधी 'आलं का' आणि 'झालं का'. मग हळूहळू गोदामातलं, साहेबाचं. कुणा दुकानदाराची म्हातारी आई रोज दारात उभी राहून त्याला हात करते, ते सांगितलं एकदा. मी म्हटलं, बरं आहे, लोकांच्या आयांना हात करता येतो तुला. हसला. तो हसला की अगदी लहानपणीसारखा दिसतो, नाक वर जातं. हे मी सूनबाईला नाही सांगितलेलं. तिला काय कळणार?

म्हणून मग मी नकाशे त्याला एकदम नाही देत. एकदम दिले की झालं, महिनाभर मोकळा. आज या बाजूचे घे, बाकीचे पुढच्या आठवड्यात, माझ्या फोनात जागा नाही म्हणते. आहे जागा! भरपूर आहे. आणि कधी कधी ते होतं ना, नव्वद टक्क्यांपर्यंत जातं आणि अडकतं — आता ते नेहमी आपोआपच अडकतं असं नाही. चुकून अंगठा लागतो माणसाचा. म्हातारी आहे मी, हात थरथरतो. असे बघू नका माझ्याकडे. बघा, अजिबात थरथरत नाही, मला माहितीये. मग? तुम्ही कधी कुणाला थांबवून ठेवलं नाहीत का?

एकदा तर खूप मोठं होतं, सगळ्या रस्त्यांचं नवं. दुपारी सुट्टी होती त्याची. बोलता बोलता डोकं टेबलावर टेकलं आणि झोपला. असा, हातावर गाल ठेवून. आणि ते झालं हो, पूर्ण झालं, हिरवी खूण आली. मी काय करावं? उठवावं की नाही? मी आपले दोन्ही फोन उपडे घालून ठेवले. ह्यांना खूण केली, आत जा, खोकू नका. सूनबाई वरून दोनदा हाका मारून गेली, झालं का, झालं का. मी म्हटलं, नाही झालं, वेळ लागतोय. चांगला अंधार पडेपर्यंत वेळ लागला. आता याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

आणि तुम्ही म्हणता घरभर वायफाय. वर, खाली, जिन्यात, न्हाणीघरात! म्हणजे प्रत्येकानं आपापल्या खोलीत दार लावून आपापलं उतरवत बसायचं. एकच गोष्ट पुन्हा चारदा! आणि इथे खाली कोण येणार? कशाला येणार? सांगा ना, तुमच्या अनलिमिटेडमध्ये याचं काही आहे का? नाही ना? मग उचला ते ड्रिल आणि जा. तुमच्या ऑफिसात सांगा, घरमालकीण नाही म्हणाली. आणि सूनबाईला मी बघून घेईन. मला न विचारता, मी दुपारची पडते ती वेळ साधून, माणूस बोलावते! मांजराचे कान हवेत ना तिला, त्यासाठी हा सगळा खटाटोप. परक्या घरातून आलेली मुलगी, तिला कसली—

काय? सूनबाईनं नाही बोलावलं? मग कुणी, ह्यांनी? ह्यांना साधा गजर लावता येत नाही— तरुण होता? औषधांच्या गाडीतून आला होता? तुमच्या ऑफिसात, स्वतः?

असेल. बायकोनं पाठवलं असेल. बायको पाठवते आणि हा जातो, भोळा आहे. एकटाच होता का? काय म्हणाला? नाही, सांगा. तुमच्या शब्दांत नको, त्यानं जसं म्हटलं तसं सांगा.

'आईला फार त्रास होतो.' असं म्हणाला. 'दिवसभर आमच्या फोनांच्या मागे असते, या वयात तिला किती राबवायचं, आता तिला यातून मोकळं करायचंय.' हेच शब्द? मोकळं हाच शब्द? आणि काय? 'ती नाही म्हणेल, तिला संकोच वाटतो, पण तुम्ही ऐकू नका.' बघा म्हणजे. अजून काही नाही ना? पैसे पण भरून गेला? वर्षाचे?

गुणी आहे. नाही, आहेच गुणी, मी कुठे काय म्हणते. आईची काळजी करणारी मुलं आजकाल कुठे असतात. लोकांना सांगितलं तर हेवा करतील माझा. मोकळं करायचंय म्हणे! अहो, मी काय करू मोकळी होऊन? कुठे जाऊ? मला एकदा विचारलं असतंस रे, इथे बसलाच होतास की समोर— तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही उगाच ऐकू नका.

उठा. उठा, खुर्ची सोडा ती. कुठे पाडायचंय भोक, इथे? की वर, छताजवळ? वर पाडा, दिसणार नाही. माझं डोकं नका खाऊ आता, नको तेव्हा बडबड करता आणि कामाच्या वेळी उभे राहता. काय बघताय? परवानगी दिली ना? माझ्या मुलानं सांगितलंय ना तुम्हाला, ऐकू नका म्हणून? मग ऐकू नका. लावा ते ड्रिल. आणि जोरात चालवा, मध्ये थांबवू नका, मी दाराकडे तोंड करून बसतेय, मला काही विचारायचं नाही.