रिकामी आणा, भरलेली न्या

...आणि वर मलाच विचारतात, बाटली कुठे आहे! अहो, मला काय विचारता? चार दिवस रोज सकाळी रजिस्टरवर 'बाटली जागेवर आहे' म्हणून सही कोणी ठोकली? मी? मला सहीचा अधिकारच नाही, मी पडलो सफाईवाला. सही करतो सुपरवायझर, तीही रजिस्टरकडे बघून, कपाटाकडे नाही. पण धरलं कोणाला? मला. का, तर म्हणे मी कपाटातून बाटली काढली. काढली की! मी कुठे नाही म्हणतोय? पण मी माझी बाटली घेतली. त्यांची नाही.

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. पहिल्यापासून सांगतो.

आमच्या हॉटेलात खाली बार आहे, बारच्या दारात काचेचं कपाट, आणि त्या कपाटात एकच बाटली. एकच! साठ वर्षांची जुनी दारू, सोन्याचं बूच, गळ्यात सोनेरी दोरी, वर दिवा आणि खाली पितळी पाटी. पाटीवर किंमत. आता किंमत काय सांगू तुम्हाला... मी जन्मभर ज्या दोन खोल्यांसाठी धडपडलो ना, तशा खोल्यांची अख्खी इमारत येईल त्यात, लिफ्टसकट. विकायची नाही, प्यायची नाही, नुसती बघायची. आणि रोज सकाळी कपाट उघडून ती पुसायची कोणी? मी. बावीस वर्षं फरशी पुसली म्हणून विश्वासानं किल्ली दिलेली. का? तर मी पीत नाही. मी खोकल्याचं औषधसुद्धा पाणी घालून घेतो हो! पण ती बाटली मी पोटच्या पोरीसारखी ओळखायचो. मानेखाली काचेत एक बुडबुडा होता, बाजरीच्या दाण्याएवढा. मालकालाही तो माहीत नसेल.

आता दुसरी बाटली. माझी. आमच्या स्टोअरमध्ये फिनेल येतं पिंपातून, आणि आम्हाला वाटतात बारच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून. फुकट बाटल्या, कशाला सोडा? नियम एकच, भिंतीवर लिहिलाय: रिकामी आणा, भरलेली न्या. आणि स्टोअरकीपर म्हणजे काय माणूस! मान वर करत नाही. खिडकीतून हात बाहेर येतो, बाटलीची मान चाचपतो, "जमा," म्हणतो, रजिस्टरात लिहितो, दुसऱ्या हातानं भरलेली देतो. बावीस वर्षांत मी त्याचं टक्कल सोडून काही पाहिलेलं नाही.

तर एक दिवस माझी बाटली गायब. निम्मी भरलेली! मी गेलो खिडकीशी, म्हटलं, हरवली, दुसरी द्या. टक्कल म्हणालं, "रिकामी आणा." म्हटलं, रिकामी कुठून आणू, भरलेलीच हरवलीय. टक्कल म्हणालं, "मग भरलेली आणा, रिकामी करा, मग आणा." आता सांगा, डोकं आपटणार कुठे? त्यात माझी सुट्टी आली, मग दोन दिवस वरच्या मजल्यांवर ड्युटी. साध्या पाण्यानं फरशा पुसल्या मी. गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली.

पाचव्या दिवशी बारमध्ये आलो. बघतो तर कपाटासमोर ही गर्दी! एक जाणकार आलेले, दारूतले. रुमालानं ओठ टिपत पाहुण्यांना समजावत होते, "हा रंग बघा... हा दाटपणा बघा... आणि पातळी निम्म्यावर का? साठ वर्षांत अर्धी हवेनं प्यायली. उरलं ते अमृत." पाहुणे आ वासून ऐकतायत, फोटो काढतायत, एक बाई तर डोळे पुसत होत्या. मी मागून टाच उंचावून बघतो... तर काय! डोक्यावर सोन्याचं बूच, गळ्यात सोनेरी दोरी घालून माझं फिनेल बसलंय! काळं फिनेल! बुडाशी मी खिळ्यानं कोरलेली फुली ढळढळीत दिसतेय. पण बघतो कोण? लोक बाटली बघतच नव्हते हो, लोक पाटी वाचत होते.

तुम्ही म्हणाल, ओरडायचं होतंस. बरोबर आहे. शहाण्या माणसाच्या डोक्यात पहिलं आलं असतं की खरी बाटली कुठे गेली. माझ्या डोक्यात काय आलं? सापडली! चार दिवस शिव्या खाल्ल्या, आणि ही इथे दिव्याखाली मिरवतेय. गर्दी पांगली, किल्ली लावली, बाटली काढली, बूच आणि दोरी उतरवून नीट पाटीवर ठेवली, आहे ते फिनेल बादलीत ओतून बार लख्ख पुसून काढला, आणि रिकामी बाटली स्टोअरला नेऊन दिली. "जमा," म्हणालं टक्कल.

आणि मग वर गोंधळ उठला.

इन्स्पेक्टरसाहेब आले. विचारलं, कपाटातून बाटली कोणी काढली? मी म्हटलं, मी. साहेबांना इतक्या लवकर उत्तराची सवय नसावी, त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. म्हणाले, त्यातल्या मालाचं काय केलंस? म्हटलं, फरशी पुसली. मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले ते बसलेच. मी जीव तोडून सांगतोय, साहेब, मी माझी बाटली घेतली, त्यांची नाही, आणि समोर कोणी लिहूनच घेत नाही. चोरानं अदलाबदल केली तेव्हा बोटांचे ठसे ठेवले नाहीत, आणि मी? मी बावीस वर्षांचे ठेवले!

पुरावा नाही म्हणून सोडलं. पण मॅनेजरनं किल्ली काढून घेतली आणि मला मागच्या अंगणात टाकलं, रिकाम्या बाटल्या निवडायला. दर सोमवारी कागद पुढे करतात, "कर सही. माझ्या हातून गेली म्हण, प्रकरण मिटेल." म्हटलं, हात तोडा, सही मिळणार नाही. सगळं सहन केलं हो. पण घरी गेलो तर बायको, जिनं बावीस वर्षं माझ्या कपड्यांचा फिनेलचा वास सोसला, ती जवळ आली आणि... माझं तोंड हुंगलं. हुंगलं, आणि पान वाढलं.

आणि मागच्या सोमवारी, अंगणात पोतं ओततो, तर एक बाटली हाताला वेगळी लागली. जड. लेबल खरवडलेलं, बूच गायब. उजेडाला धरली... मानेखाली बुडबुडा! बाजरीच्या दाण्याएवढा! रिकामी, कोरडी ठणठणीत. पोतं कुठल्या मजल्यावरचं होतं? मॅनेजरच्या. मी काही म्हणत नाही. मी फक्त मजला सांगतोय.

आता ही घेऊन जाऊ कोणाकडे? मॅनेजरकडे? "तुलाच कशी सापडते रे नेहमी?" इन्स्पेक्टरकडे? "आतला माल काय केलास, जिना पुसलास?" म्हटलं, बस्स. या इमारतीत नियमानं वागणारा एकच माणूस आहे. गेलो खिडकीशी. हात बाहेर आला, मान चाचपली, "जमा." रजिस्टरात नोंद, तारीख, सही. म्हटलं, भरलेली? टक्कल म्हणालं, "बाटल्या संपल्यात, थांबा." तीच घेतली, पिंपाखाली धरली, भरली, आणि माझ्या हातात दिली!

आता कपाट रिकामं आहे, दिवा चालू आहे, पाटीसमोर अजून फोटो काढतात. आणि अंगणातलं काम आटोपलं की मी जिना पुसतो. काल मॅनेजरसाहेब खाली उतरत होते, बाटलीला ठेचकाळता ठेचकाळता राहिले. ओरडले, "ही कोणाची बाटली आहे रे मध्येच?"

म्हटलं, माझी आहे साहेब. स्टोअरच्या रजिस्टरात नोंद आहे.

त्यांनी नाकाला रुमाल लावला, पायानं ती बाजूला सारली आणि निघून गेले. बायको अजून तोंड हुंगते. नाव काही साफ झालं नाही हो... पण जिना बघा एकदा येऊन. इतक्या महाग बाटलीनं पुसलेला जिना दुसरीकडे मिळायचा नाही.