पेढीच्या भिंतीवरचे सहा डाग

त्या डागांनी मला महिनाभर छळलं, सांगतो की! शुक्रवार पेठेतली चादरींची जुनी दगडी पेढी माहितीय ना? तिथं आता कॉम्प्युटर कंपनीचं ऑफिस झालंय. दुरुस्तीचं काम माझ्याकडं होतं. आतल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, ओळीनं सहा काळपट डाग. तीन हात रंग मारला, तरी वर यायचेच.

पेंटर म्हणाला, "ओल हाय साहेब. प्लास्टर फोडावं लागंल."

फोडायच्या आधी गल्लीतल्या मल्लय्यामामांना बोलावलं. जन्मभर हातमागावर चादरी विणून त्यांनी याच पेढीवर आणून दिलेल्या. नव्या फरशीवर यायलाही त्यांनी चप्पल बाहेर काढली. डाग बघून हसले.

"ओल न्हाय बाबा, तेल हाय. माल तपासून हुईस्तोवर आमी हितं टेकून बसायचो. डोक्याला चपचपीत तेल. ज्याची त्याची जागा ठरलेली."

मग एकेका डागावर हात ठेवत त्यांनी पाच नावं घेतली. पाचही जण गेलेले. सहाव्यापाशी ते स्वतः टेकून बसले, तर डाग डोक्याच्या चार बोटं वर राहिला.

"मामा, हा तुमचा न्हाय वाटतं?"

"माझाच की. वयानं मी खाली आलोय."

भिंत तशीच ठेवली. परवा बघतो तर एक पोरगी खुर्ची सोडून, लॅपटॉप घेऊन नेमकी मामांच्याच डागापाशी टेकून बसलेली. मी लई खुशीत मामांना सांगायला गेलो.

त्यांनी एवढंच विचारलं, "डोक्याला तेल लावती का ती?"