अ गट, ब गट आणि परात

...आणि वर मलाच विचारतात, "गोळ्या मोजून दिल्या होत्या ना?" मोजून! अहो, एकशे वीस बायका, प्रत्येकीच्या नावाची डबी, डबीत तीस गोळ्या, दर महिन्याला मी स्वतः समाजमंदिरात सतरंजीवर बसून एकेक गोळी मोजत होतो! मोजणीत चूक नाही. चूक माणसांत झाली. छे, माणसांतही नाही, माणसं बरोबरच वागली... तीच तर पंचाईत आहे!

थांबा, नीट सांगतो. मी दिल्लीला शिकलो. सात वर्षं. बरोबरीची पोरं अमेरिकेचे फॉर्म भरत होती आणि मी छाती काढून सांगायचो, मी कर्जतला जाणार, आमच्या वाडीतल्या बायकांच्या अंगात रक्त नाही, त्यावर काम करणार! चौऱ्याण्णव साली पीएचडीची फेलोशिप मिळाली. विषय, रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या. तीन वर्षं फेलोशिप, आणि त्या बदल्यात नगरला नर्सिंगच्या मुलींना आठवड्याचे सहा तास शिकवायचं. सहाचे सोळा कधी झाले ते सोडा. घरी पेढे वाटले. शेजारची गोजरबाई पेढा गालात धरून म्हणते, "डाक्टर झाला न्हवं? मंग मार माझ्या गुडघ्याला एक सुई!" म्हटलं, "मावशी, मी सुईचा डॉक्टर नाही, अभ्यासाचा." तर म्हणते, "म्हंजी बिनकामाचा व्हय?" तेव्हा हसलो होतो. आता येत नाही हसू.

पण वर्गात काय पेटायचो मी! "मुलींनो, औषध हे उपकार नाही, हक्क आहे! रांगेत सगळ्यात मागं उभी आहे तिला आधी द्या! जी भेद करील ती नर्सच नव्हे!" निम्म्या मुली खिडकीतून बाहेर बघायच्या. जयमाला म्हणून एक होती, पाथर्डीकडची, तोंडातून शब्द काढायची नाही, खाली मान घालून सगळं लिहून घ्यायची. मला वाटायचं, चला, एक तरी ऐकते! तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं शिकवलं?

तर अभ्यास ठरला. आमचे गाईड सर, मोठे विद्वान, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे बघ, अर्ध्या बायकांना लोहाच्या गोळ्या, तो अ गट. अर्ध्यांना नुसत्या साखरेच्या, तो ब गट. त्याला कंट्रोल ग्रुप म्हणतात. दिसायला दोन्ही लाल. कुणाला कुठली, ते फक्त तुला आणि मला ठाऊक." मी म्हटलं, "पण सर, ब गटातल्या बायकांचंही रक्त कमीच आहे हो..." "त्यांना नंतर देऊ. आधी सिद्ध तर होऊ दे! मार्चमध्ये समिती बसेल. फरक दिसला तर तिसरं वर्ष मिळेल आणि तालुक्यातल्या प्रत्येक वाडीत गोळ्या सुरू होतील, तसं मी वरून कबूल करून घेतलंय. तुला पीएचडी करायचीय का समाजसेवा?" मला दोन्ही करायचं होतं हो! एकाच जन्मात!

चिठ्ठ्या टाकल्या. आणि आमच्या आईचं नाव, बनुबाई, निघालं ब गटात. साखरेत! रक्त सात ग्रॅम, उंबऱ्यावर पाय ठेवला तरी धापा टाकायची बाई. चिठ्ठी माझ्या हातात होती. बदलली असती तर कोण बघत होतं? पण नाही बदलली. शास्त्र! दर शनिवारी एसटीनं घरी जायचो, ती माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची आणि म्हणायची, "पंकज, तुज्या गोळीनं लई बरं वाटतंय रे." साखरेनं! मी आपला ताटातल्या भाकरीकडे बघत बसायचो.

नर्सिंगच्या मुलींना सहा महिने गावात राहून काम करावं लागतं, तर आमच्या वाडीत गोळ्या वाटायला कुणाला नेमलं? जयमालाला! सगळ्यात प्रामाणिक मुलगी म्हणून मीच निवडलं. तिलासुद्धा माहीत नव्हतं खरी कुठली नि खोटी कुठली. कडेकोट गुपित!

आता लोहाच्या गोळीनं परसाकडला काळी होते, हे पुस्तकात होतं. आमच्या वाडीच्या बायका परसाकडला घोळक्यानं जातात, हे पुस्तकात नव्हतं. तुम्हाला सांगतो, विद्यापीठानं झाकलेलं गुपित पाच दिवसांत बाभळीमागं फुटलं! गोजरबाई तिथूनच ओरडली म्हणे, "अगं ए बनुबाई, तुला काळी व्हती का?" "न्हाई बया." "हाजराबी, तुला?" "न्हाई की." "आन् मला तर निसता कोळसा! म्हंजी तुमाला गोळ्याच खोट्या आल्यात गं!"

गेल्या सगळ्या जयमालाकडे. त्या मुलीनं घेतली परात, एकशे वीस डब्या उपड्या केल्या, गोळ्या हातानं कालवल्या, लग्नात अक्षता कालवतात तशा, आणि पुन्हा सारख्या मोजून भरल्या. एका महिन्याला नाही, सहाच्या सहा महिने! मी मोजणार, एसटीत बसणार, मागं परात निघणार. आणि डबी उघडली की हिशेब चोख! साऱ्या वाडीत एक माणूस बोललं नाही. आईसुद्धा नाही!

फेब्रुवारीत रक्त तपासलं. अ गट, दीड ग्रॅमनं वाढला. ब गट, दीड ग्रॅमनं वाढला. मी तीनदा तपासलं. सर म्हणाले, "फरक शून्य. लिही, लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही." "सर, साखरेनं रक्त वाढतं का कधी?" "मग तसं लिही, जगात पहिलाच ठरशील!"

तडक वाडीत आलो, जयमालाला विचारलं, तिनं सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी नाही, भीती नाही. मी ओरडलो, "कुणाला विचारून केलंस हे?" तर शांतपणे म्हणते, "सर, तुमचा सोळा जुलैचा तास. वही आणू का?" आणली की हो! माझंच वाक्य, तारखेसकट, खाली दोन रेघा मारून... सांगा, मी काय चुकीचं शिकवलं?

मग आईकडे वळलो. "आये, तू तरी मला सांगायचंस!" ती चूल फुंकत म्हणाली, "तुला कसं सांगावं रं? पोरगं नवीन हाय, गोळ्यांत गफलत झाली आसंल, वरच्या सायबाला कळलं तर रागं भरतील. म्हणून आमी बायांनीच गुपचूप निस्तरलं." निस्तरलं! मला वाचवायला! आता हिला कुठल्या तोंडानं सांगू की गफलत नव्हती आये, मी जाणूनबुजून तुला... नाही सांगितलं. अजून नाही सांगितलं. परवा मला सोडायला फाट्यापर्यंत आली, वाटेत एकदाही बसली नाही, धाप नाही, काही नाही. हे मी कुठल्या तक्त्यात भरू?

मार्चमध्ये समिती बसली, "गोळ्या मोजून दिल्या होत्या ना?" एवढं विचारून दहा मिनिटांत उठली; परातीचं नाव मी काढलं नाही. फेलोशिप बंद. बाकीच्या वाड्यांच्या गोळ्याही बंद, सिद्धच झालं नाही ना काही! मात्र वर्षाचे तास आणि पेपर पुरे करूनच जायचं, असं कॉलेजानं बजावलंय. तेच तपासत बसलोय सध्या. प्रश्न मीच काढला होता, 'कंट्रोल ग्रुप म्हणजे काय?', पाच मार्क. बाकीच्या मुलींनी गाईडमधली व्याख्या उतरवलीय. जयमालानं एकच ओळ लिहिलीय, 'ज्यांना गरज असते पण द्यायचं नसतं, त्यांना कंट्रोल ग्रुप म्हणतात.'

अर्धा तास लाल पेन हातात धरून बसलो होतो... दिले पाचपैकी पाच. काय करणार!