आईच्या हाताच्या उंचीचा कठडा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, आणि आज नवा सदरा घालून खुर्चीत अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती, मिस्त्री!

एकतीस वर्षं आम्ही आर्किटेक्टांनी जिने रेखाटले आणि मिस्त्रींनी ते चढण्याजोगे केले. माझ्या स्वतःच्या घरासाठी मी अगदी आधुनिक जिना काढला होता. भिंतीतून निघालेल्या नुसत्या फळ्या, खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. मिस्त्रींनी कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला आणि विचारलं, "साहेब, उरलेला जिना दुसऱ्या कागदावर आहे का?"

मी म्हटलं, "कठड्यानं नजर अडते."

"नजर जाईल हो वर. आईंचं काय?"

तरी जिना मी माझ्याच चित्राप्रमाणे करून घेतला. आईची खोली वर होती. ती तीन पायऱ्या चढली आणि तिथेच बसली. पुढचे आठ दिवस सोफ्यावर झोपली आणि विचारलं की म्हणायची, "मला खालीच बरं वाटतं." मी परगावी गेलो. परत येऊन बघतो तर कठडा! उंची आईच्या हाताच्या मापानं घेतलेली. मी किती आरडाओरडा केला म्हणून सांगू! मिस्त्री शांतपणे रंधा पुसत होते.

मग आली स्पर्धा. फोटोपुरता मी कठडा काढायला लावला. तेवढ्यात वरून आवाज आला, "अरे, मी खाली कशी येऊ?"

मी काय म्हणालो असेन? "आई, जरा थांब, उजेड छान आहे!"

ते 'जरा' चार तास चाललं. शेवटी मिस्त्री वर गेले आणि आईचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवून, उलटी पावलं टाकत, तिला खाली घेऊन आले. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. "घरातल्या प्रत्येकाचा विचार करणारा जिना," असं परीक्षकांनी लिहिलं. अध्यक्ष महोदय, परीक्षक आपणच होतात. हसू नका, ते स्मृतिचिन्ह मी पिशवीत आणलंय, जाताना आपल्याला परत करणार आहे.

कठडा त्याच संध्याकाळी मी परत बसवून घेतला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मला सुचलंसुद्धा नव्हतं. मिस्त्रींनी न विचारता बसवला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. ते चार तास मात्र पोटात घालू नका. आई, मिस्त्री, त्याबद्दल मी माफी मागतो.